न्यू इंग्लंडमधल्या कॉलेज क्रॉस-कंट्री स्की संघासोबत शर्यतींच्या दोन दिवसांत मदतनीसाला नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की व्हरमाँटमधल्या तुमच्या कॉलेजच्या संघाने तुम्हाला मदतनीस म्हणून घेतलंय, पहिला कार्निव्हल, म्हणजे कॉलेजांमधली दोन दिवसांची स्की स्पर्धा, तोंडावर आलाय आणि स्की तुम्ही आजवर हातातही धरलेली नाही. घाबरू नका. खेळाडू प्रत्यक्ष पळतात दिवसाला अर्धा-पाऊण तास. उरलेला वेळ स्कीच्या तळाला काय लावायचं, या एकाच प्रश्नात जातो, आणि तिथे पळता न येणाऱ्या माणसाचाही उपयोग होतो.

आधी चौकट. डार्टमथ, मिडलबरी, विल्यम्स, बेट्स वगैरे कॉलेजं जानेवारी-फेब्रुवारीत आळीपाळीने यजमान होतात. सहसा शुक्रवार-शनिवार अशा दोन शर्यती असतात, एक क्लासिक (दोन्ही स्की समांतर ठेवून ट्रॅकच्या खाचांतून जायची) आणि एक स्केटिंगची म्हणजे फ्रीस्टाइल (स्केटिंगसारखे पाय बाजूला ढकलत जायची). प्रत्येक शर्यतीत कॉलेजची सहा मुलं आणि सहा मुली उतरतात, संघाच्या गुणांत पहिले तीनच धरले जातात. त्याच कार्निव्हलमध्ये उतारावरच्या अल्पाइन शर्यतीही होतात आणि गुण एकत्र होतात, पण ती मंडळी दुसऱ्या डोंगरावर असतात, तुमची गाठ क्वचितच पडेल.

बारा जणांच्या माणशी पाच जोड्या धरल्या तरी साठ जोड्या होतात. प्रत्येक जोडीवर नाव, क्लासिक की स्केट, थंड बर्फाची की ओल्या, हे टेपवर लिहिलेलं असतं. गाडीतून उतरवताना त्याच क्रमाने मांडा. सकाळी अंधारात एक जोडी शोधण्यात गेलेली दहा मिनिटं फार महाग पडतात.

आदल्या संध्याकाळी ग्लाइड वॅक्स, म्हणजे स्की सरसर घसरावी म्हणून लावायचं मेण. स्की फॉर्मवर (स्की धरून ठेवणाऱ्या लांब पाटावर) उलटी घट्ट बसवायची, वॅक्स इस्त्रीला टेकवून थेंब पाडायचे आणि टोकाकडून शेपटीकडे एकाच संथ गतीने इस्त्री फिरवायची. ओल्या बर्फाच्या मऊ वॅक्सला साधारण 120 अंश, कडाक्याच्या थंडीतल्या कडक वॅक्सला 150 च्या आसपास. नेमका आकडा वेष्टनावर असतो. धूर दिसला तर इस्त्री जास्त तापलीय. एका जागी थांबलात तर तळाचं पॉलिइथिलीन जळतं, आणि जळलेला तळ पुढे वॅक्स नीट धरत नाही. पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. मग आधी मधली खाच, नंतर कडा आणि शेवटी सपाट तळ प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडा. त्यानंतर ब्राँझचा ब्रश, मग नायलॉनचा. खरवडल्यावर डोळ्यांना दिसेल इतकं वॅक्स राहिलं असेल तर काम अर्धवट आहे. खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि मास्क लावा.

स्केट स्कीला हे सगळं पूर्ण लांबीभर. क्लासिकला मात्र फक्त पुढच्या आणि मागच्या भागावर. मधला पट्टा, टाचेपासून पुढे साधारण 50-60 सें.मी., हा किक झोन. त्याच्या खुणा स्कीच्या बाजूला पेनने केलेल्या असतात, कारण खेळाडूचं वजन आणि स्कीचा कडकपणा यांवर लांबी बदलते. तिथे ग्लाइड वॅक्सचं पॅराफिन गेलं की ग्रिप वॅक्स (बर्फावर पकड देणारं चिकट वॅक्स) टिकत नाही, म्हणून टेप लावून तो भाग झाका. नंतर तोच पट्टा 100 नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून बाइंडरचा (ग्रिप वॅक्स धरून ठेवणाऱ्या चिकट अस्तराचा) अगदी पातळ थर इस्त्रीने बसवायचा.

खरी परीक्षा क्लासिकच्या सकाळची. चढावर पाय खाली दाबला की मधला पट्टा बर्फाला टेकून क्षणभर धरला पाहिजे, आणि वजन उचललं की सुटला पाहिजे. ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात. वॅक्स गरजेपेक्षा मऊ असेल तर ते रुतून बसतात, वर बर्फ साचतो आणि स्की जागच्या जागी थांबते. उलट वॅक्स फार कडक असेल तर कण रुततच नाहीत आणि पाय मागे घसरतो. म्हणून ताज्या बर्फासाठी स्विक्स या ब्रँडचं ब्लू एक्स्ट्रा उणे 1 ते उणे 7 अंशांचं, त्याहून थंडीला हिरवं, शून्याजवळ जांभळं अशी सुरुवात करतात. चार ते सहा पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर कॉर्कच्या ठोकळ्याने घासून. एक जाड थर कधीच नाही. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचे कण गोलसर होतात. तिथे क्लिस्टर लागतं. ही डिंकासारखी चिकट पेस्ट थंडीत ट्यूबमधून निघत नाही, म्हणून ट्यूब खिशात ठेवा. सर्वांत वाईट म्हणजे शून्य अंश आणि वरून पडणारा ताजा बर्फ. तेव्हा कुठलंच वॅक्स धड चालत नाही. किक झोन पॉलिश पेपरने केसाळ करून वर बर्फ न चिकटणारा फवारा मारलेल्या स्की काढतात.

चाचणी शर्यतीच्या साधारण तीन तास आधी सुरू होते. तापमान हवेचं नाही, बर्फाचं मोजा, आणि तेही मैदानात व सावलीतल्या खोलगट भागात असं दोन्हीकडे. नवखे मदतनीस एका गोष्टीत फसतात: शंभर मीटर जाऊन 'मस्त आहे' म्हणतात. बर्फ चिकटणं किलोमीटरभर गेल्यावर कळतं. मार्गाच्या सर्वांत थंड ठिकाणी पारा उणे 20 च्या खाली असेल तर आंतरराष्ट्रीय नियमाने शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात.

शर्यतीत तुम्हाला बहुधा चढावर जादा पोल घेऊन उभं करतील. पोल बदलता येतो. स्की मात्र ती किंवा तिची बांधणी मोडली तरच. क्लासिकमध्ये खेळाडू ट्रॅकबाहेर जाऊन साचलेला बर्फ खरवडू शकतो, पण स्वतःच्या हाताने. तुम्ही हात लावायचा नाही. पोलवर लांबी आणि डावा-उजवा लिहून ठेवा. क्लासिकमध्ये पोल उंचीच्या 83 टक्क्यांपेक्षा लांब चालत नाही. बुटांसह 180 सें.मी. असलेल्याला तो साधारण 149 येतो. स्केटचा पोल बराच लांब असतो, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ नको. मास स्टार्ट, म्हणजे सगळे एकदम सुटणार, असेल तर पहिल्या दोनशे मीटरवर उभे राहा, गर्दीत पोल तिथेच मोडतात. अंतिम रेषेपाशी दुसऱ्या कोणाला तरी कोरडा शर्ट आणि जाकीट घेऊन ठेवा. घामाने भिजलेला सूट उणे दहात पाच मिनिटांत गारठवतो.

पहिली शर्यत संपली की खेळाडूंना लगेच भात-पास्ता असं काहीतरी आणि झोप. तुम्हाला स्केटच्या स्की. क्लिस्टर त्याच दुपारी रिमूव्हरने काढा, नाहीतर हातमोजे, बॅगा, गाडीच्या सीटा सगळीकडे पसरतं. फ्लोरिनयुक्त वॅक्सवर 2023-24 च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत बंदी आहे, त्यामुळे जुने ब्रश चुकूनही वापरू नका. त्यांतला अंश तळावर येऊ शकतो. माझ्या मते बंदीनंतर ओल्या बर्फात वॅक्सच्या ब्रँडपेक्षा तळावर कोरलेल्या रेघा जास्त फरक पाडतात: कोरड्या थंडीत बारीक, पाणचट बर्फात भरड.

निकालाच्या कागदावरचे गुण वाचायलाही शिका. विजेत्यापासूनच्या अंतराला विजेत्याच्या वेळेने भागून, एकेकट्याने सुटण्याच्या शर्यतीत 800 ने आणि मास स्टार्टमध्ये 1400 ने गुणतात. विजेता 25 मिनिटांत आला आणि आपला खेळाडू 26 मध्ये, तर एकेकट्या शर्यतीत 32 गुण. त्यात त्या शर्यतीचा दंडांक, म्हणजे उतरलेल्या खेळाडूंच्या दर्जावरून ठरणारा आकडा, मिळवायचा. इथे गुण जितके कमी तितके चांगले. संघाचे गुण मात्र क्रमांकावरून वेगळे मोजतात आणि ते जितके जास्त तितके बरे. पहिल्या दिवशी हा गोंधळ सगळ्यांचाच होतो.