जर्मनीची एक पाणबुडी संडासामुळे बुडाली, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. पाणबुडीचं नाव यू-१२०६, कप्तान कार्ल-अडोल्फ श्लिट. १९४४ च्या मार्चमध्ये ती नौदलात दाखल झाली आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्याच मोहिमेवर संपली. शत्रूचं एकही जहाज तिच्या नावावर नाही.

खोल पाण्यात साधा संडास चालत नाही. दर १० मीटरला बाहेरचा दाब एका वातावरणाने (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका) वाढतो, म्हणजे मैला बाहेर ढकलायचा तर त्याहून जास्त जोर हवा. या पाणबुडीत तसा उच्च दाबाचा नवा संडास होता. झडपा ठरलेल्या क्रमानेच उघडायच्या, एक चुकली की समुद्र आत!

१४ एप्रिल १९४५ ला स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ, साधारण ६० मीटर खोलीवर, नेमकं तेच झालं. खारं पाणी खालच्या बॅटऱ्यांपर्यंत गेलं आणि क्लोरीन वायू सुटला. जीव गुदमरायला लागल्यावर वर येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वर येताच विमानांनी गाठलं. शेवटी श्लिटने स्वतःच पाणबुडी बुडवली. चौघे गेले, ४६ जण वाचले आणि कैद झाले.

कप्तानानेच चुकीची झडप फिरवली, हा किस्सा फार रंगवून सांगतात. श्लिटच्या म्हणण्यानुसार मात्र तो तेव्हा इंजिनरूममध्ये डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीत होता. युरोपातलं युद्ध संपायला तेव्हा जेमतेम साडेतीन आठवडे उरले होते.