वाचकांचे प्रश्न : डिग्री अर्धवट सोडू द्यावी का?

प्रश्न : मुलगा बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये कामाला बोलावतायत. ‘डिग्रीला पुढं कोण विचारतंय,’ असं त्याचं म्हणणं. कॉलेज सोडू द्यावं का?
— एक पालक, हातकणंगले

उत्तर : शक्यतो सोडू देऊ नका. सोडायचंच ठरलं तर निदान दुसरं वर्ष पूर्ण झाल्यावर. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्याला किमान ८० क्रेडिट (श्रेयांक, म्हणजे पास झालेल्या विषयांमागे जमा होणारी एककं) आणि वर ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम लागतो. गफलत इथंच होते. एखादा विषय एटीकेटीत राहिलेला असतो, ८० भरत नाहीत आणि पोरगं पदविका झाली म्हणून निवांत असतं. तेव्हा आधी क्रेडिट मोजा, मग परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या. नुसतं जायचं बंद केलं तर हातात काहीच येत नाही. अपार आयडीवरचं (ज्यावर क्रेडिट जमा होतात त्या विद्यार्थी ओळख क्रमांकावरचं) नाव गुणपत्रिकेशी जुळतंय का, तेही बघून घ्या.

परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण सात वर्षांत. ही दुसरी अट बहुतेक जण विसरतात. शिवाय केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घरी बसून होत नाहीत, त्यामुळे शिफ्ट सांभाळून तिसरं वर्ष करणं वाटतं तितकं सोपं नाही. बँकेतली क्लार्कची परीक्षा असो की एमपीएससीची राज्यसेवा, तिथं पदवीच लागते, पदविका चालत नाही. ही अट अजून तरी कुणी काढलेली नाही.

आता लॅबचं काम. स्पेक्ट्रोमीटर म्हणजे धातूत कोणता घटक किती ते दाखवणारं मशीन; त्यावरचे टक्के कुणीही वाचतं. समजा ओतीव लोखंडाच्या नमुन्यात कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६ आले. सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा कार्बनमध्ये मिळवला की ४.१२. हा कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे तिन्ही घटकांचा मिळून कार्बनच्या मापातला आकडा. तो ४.३ च्या फार वर गेला तर जाड कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ग्रॅफाइट वर तरंगतं, फार खाली आला तर पातळ कडा पांढऱ्या, कडक पडतात आणि मशीन शॉपमध्ये टूल खातात. हे गणितही मशीनच करून देतं. पण नमुना झटकन थंड झालेला नसेल, मोडल्यावर पांढऱ्याऐवजी राखाडी दिसत असेल, तर कार्बनचा आकडाच खोटा येतो. मशीन तो खोटा आकडाही तितक्याच ठामपणे दाखवतं. नमुना फेकून परत घ्यायचा हे ज्याला कळतं, त्याला फौंड्री सहजासहजी सोडत नाही. हे निम्मं वर्गात कळतं, निम्मं भट्टीजवळ. म्हणून आमचं मत : आता सुट्टीत जाऊ दे, तिसरं वर्ष संपवून कायमचा जाऊ दे.

प्रश्न : मुलगी बी.कॉम. करतेय. अकाउंट्सचं काम एआय खाणार म्हणतात. फी वाया जाणार का?
— एक वाचक, गांधीनगर

उत्तर : नुसती एंट्री करणाऱ्याचं काम जाणार, ते जायला लागलंयच. राहतं ते न जुळणाऱ्या बिलांचं. तुमच्या पेठेतलंच उदाहरण घ्या. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे माल देणाऱ्यांनी चढवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, तयार होतं; दरमहा रिटर्न भरणाऱ्याला २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरायचं. मधल्या सहा दिवसांत खरेदीची नोंदवही २बीशी जुळवायची. सॉफ्टवेअर सारखी बिलं फटाफट जुळवतं. उरतात ती वेगळीच असतात : बिल नंबर एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे नुसते शेवटचे आकडे, जीएसटी नंबरात एक अक्षर चुकलेलं, किंवा कापड देणारा तिमाही रिटर्नवाला, त्यानं बिल अजून चढवलेलंच नाही. २बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येत नाही, म्हणजे त्या महिन्यात तेवढा कर खिशातून. अशा वेळी फोन करून, गोड बोलून समोरच्याकडून बिल चढवून घेणं हेच कौशल्य.

तिला एखाद्या कर सल्लागाराकडे सलग तीन महिने फक्त ही जुळवणी करायला बसवा. महागड्या सर्टिफिकेटपेक्षा ते जास्त कामाला येईल.

प्रश्न : ‘नोकरीची हमी’ देणारी ऑनलाइन डिग्री घ्यावी का?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : त्या विद्यापीठाला त्याच अभ्यासक्रमासाठी यंदाच्या वर्षाची यूजीसीची मान्यता आहे का, ते यूजीसीच्याच संकेतस्थळावर बघा, एजंटनं दाखवलेल्या पीडीएफवर नको. मग किती जण शिकले, किती लागले, सुरुवातीचा पगार किती, हे लेखी मागा. ‘मीटिंगला या, समजावून सांगतो’ असं उत्तर आलं तर पैसे भरू नका.