माळ्यावरची ट्रंक

प्रश्न : वाईतलं आमचं जुनं घर पाडायचंय. माळा रिकामा करताना सासूबाईंची पत्र्याची ट्रंक निघाली. आत १९५९ ते ६१ मधली निळी आंतरदेशीय पत्रं, पुण्यात नारायण पेठेत राहणाऱ्या एका मुलाची. सोबत पानशेतच्या पुराची पेपरातली कात्रणं, शेवटचं २०११चं. मी तीन पत्रं वाचली. शेवटच्यात तो लिहितो, 'तुझी सगळी पत्रं पुरात गेली. माझी तरी जपून ठेव.' १९६२ला सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या. आता ८४ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे शिडी चढवत नाही. सासरे शेवटची चार वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं सासूबाईंनीच केलं. मग तो संसार खोटा होता का? ह्यांना सांगू का? की पत्रं कृष्णेत सोडून मोकळी होऊ?
– एक सून, वाई

उत्तर : नदीत मुळीच नको. त्या दोघांचं निम्मं नदीनेच नेलंय. १२ जुलै १९६१च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही. नारायण पेठेतली नदीकाठची घरं बघता बघता पाण्यात गेली, लकडी पूल बुडाला. त्या पुराने झोडपलेला मुलगा पत्रं गेली म्हणून हळहळतो, आणि तुमच्या सासूबाई त्याचं एवढं एक मागणं साठ वर्षांहून जास्त काळ पाळतात. ते आपल्या हाताने मोडू नका.

मी आठ वर्षांची असताना आमच्या आजीने आत्याची पत्रं बंबात घातली. मी आंघोळीसाठी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते. गोवऱ्यांवर कागद आधी फुगले, मग काळे पडले. दिवाळीला आत्या माहेरपणाला आली आणि आल्या आल्या फडताळात बिस्किटाचा डबा शोधू लागली. डबा होता, आत शेवया भरलेल्या. तिने झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला आणि करंज्या लाटायला बसली. मला सगळं माहीत होतं आणि मी बोलले नाही. ते मला आजही टोचतं.

संसाराचं म्हणाल तर चार वर्षं रोज माणसाची कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावायची, भरवायचं... हे खोटं करून दाखवणं कुणाला जमत नाही हो! तुम्ही स्वतः ते पाहिलंय. त्या पाहण्यावर विश्वास ठेवा.

मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त अडखळायला झालं ते २०११च्या कात्रणापाशी. पुराला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं ते. म्हणजे सत्तरीची बाई तोवर शिडीवरून माळ्यावर जात होती, ट्रंक उघडत होती. पुढे गुडघे गेले. आणि 'माझी ट्रंक खाली काढून दे' असं त्या कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर 'त्यात काय आहे?' हा प्रश्न आलाच असता. घर पाडायचं ठरल्यापासून त्यांना झोप लागते का, ते जरा बघा.

मुलाला सांगायचं की नाही हे त्या ठरवतील. तुम्ही नको.

उरलेली पत्रं वाचू नका. घडीवर फाटली असतील तर चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. आहेत तशी राहू द्या. दुपारी घरात कुणी नसताना ट्रंक पुसून त्यांच्या पलंगाखाली ठेवा, हात पोचेल अशी. 'आई, तुमची ट्रंक माळ्यावर होती, खाली आणलीय,' एवढंच बोला आणि चहा ठेवायला जा. 'उघडलीस का?' असं त्यांनी विचारलंच, तर हो म्हणा. तीन पत्रं वाचली तेही सांगा.