तरुण आणि तरुणी यांच्या स्वप्नांत खरोखर फरक असतो का?

होय, मडगावच्या आपल्या महाविद्यालयातील मुलगे व मुली निराळी स्वप्ने सांगतात, असे आपण लिहिले आहे; ते निरीक्षण संशोधनाशी जुळते, मात्र हा फरक सरासरीचा आहे. मी फोंड्यात मानसशास्त्र शिकवते. स्वप्नांच्या संशोधनात आजही हॉल आणि व्हॅन डी कॅसल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९६६ मधील अभ्यासाचा आधार घेतला जातो, ज्यात १०० विद्यार्थी व १०० विद्यार्थिनी यांची प्रत्येकी ५ स्वप्ने तपासली होती. स्त्री की पुरुष हे स्पष्ट असलेल्या व्यक्तींपैकी तरुणांच्या स्वप्नांत सुमारे ६७ टक्के पुरुष होते, तर तरुणींच्या स्वप्नांत स्त्रिया व पुरुष जवळजवळ निम्मेनिम्मे होते. हाणामारी तरुणांच्या स्वप्नांत अधिक होती. परंतु ते सर्व अमेरिकेतील विद्यार्थी होते, त्यामुळे या आकड्यांवरून गोव्यातील एखाद्या मुलीचा स्वभाव ठरवणे मला तिच्यावर अन्याय करणारे वाटते.