जुन्या जर्मन पिस्तुलांवरील ठसे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संग्रहासाठी मी एक लुगर पी-०८ पाहून ठेवले आहे. चेंबरवर (काडतूस बसते त्या भागावर) १९१७, टॉगलवर (वरच्या दुमडणाऱ्या सांध्यावर) मुकुट व त्याखाली 'एरफुर्ट', सांगाड्याच्या पुढल्या टोकाला ४३१२ आणि त्याखाली लहान 'डी' असे अक्षर आहे. बहुतेक सुट्या भागांवर १२ हा आकडा आहे. मात्र डाव्या बाजूच्या झाकणपट्टीवर ८७ आहे. मुठीच्या पुढल्या पट्टीवर '११४. आर. ७. २१.' असे कोरलेले दिसते. विक्रेत्याच्या मते सर्व क्रमांक जुळतात. हे मान्य करावे का?

उत्तर : नाही, आणि १२ व ८७ यांतला फरक विक्रेत्याच्या लक्षात आला नसेल, हे मानणेही जरा जड जाते. पी-०८च्या सुट्या भागांवर मूळ क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असत, म्हणून ४३१२चे भाग १२ दाखवणार आणि ८७ ही पट्टी दुसऱ्या पिस्तुलाची ठरणार. बराकीत एकाच वेळी अनेक पिस्तुले उघडून साफ केली की असे भाग सहज बदलत. त्यामुळे एवढ्यावरून वस्तू बनावट ठरत नाही, फक्त ती 'संपूर्ण जुळणारी' म्हणून विकता येत नाही.

'डी'कडे दुर्लक्ष करू नये. कारखाना दरवर्षी क्रमांक पुन्हा १ पासून सुरू करी, पहिले दहा हजार बिनअक्षरी जात आणि पुढच्या प्रत्येक दहा हजारीला एकेक अक्षर लागे. म्हणजे आपले पिस्तूल त्या वर्षीच्या पाचव्या दहा हजारीतले आहे. वर्ष, अंक आणि अक्षर ही तिन्ही मिळूनच त्याची ओळख बनते, नुसता ४३१२ कितीतरी पिस्तुलांवर सापडेल.

एरफुर्ट शहरातल्या सरकारी शस्त्रशाळेत पी-०८ पिस्तुले १९११ ते १९१८ या काळात बनली. तेथील तपासनीस बारीकसारीक भागांवरही मुकुटाखाली गॉथिक अक्षर उमटवीत, त्यामुळे बर्लिनच्या डीडब्ल्यूएम या खासगी शस्त्र कंपनीच्या पिस्तुलापेक्षा एरफुर्टच्या पिस्तुलावर ठशांची गर्दी जास्त दिसते. ज्या एरफुर्ट पिस्तुलाचे लहान भाग कोरे आहेत, त्याकडे मी संशयानेच पाहतो. ट्रिगर, सुरक्षा-खटका, पिस्तूल सुटे करण्याचा खटका यांचा रंग त्या काळी गवतासारखा पिवळसर असे. ते काळेनिळे असतील तर पिस्तुलाला नंतर नवा रंग दिलेला असण्याची शक्यता मोठी.

मुठीवरचा मजकूर ११४व्या पायदळ रेजिमेंटच्या सातव्या कंपनीचे २१ क्रमांकाचे शस्त्र, असा वाचावा. अशा ठशांमुळे किंमत वाढते आणि म्हणून ते नंतर ठोकलेही जातात. भिंगाखाली गंजाचे खड्डे पाहा : खड्डा अक्षराच्या रेषेतही उतरला असेल तर ठसा गंजाच्या आधीचा, पण अक्षराची स्वच्छ, धारदार रेषा जुन्या खड्ड्याला कापून गेली असेल, तर ती कालपरवाची मानावी. मॅगझिनचा (मुठीत सरकवायच्या काडतूस-पेटीचा) लाकडी तळही उलटून बघावा. तेथे पिस्तुलाचा क्रमांक असेल आणि शेजारी अधिकचे चिन्ह असेल, तर ते सोबत दिलेले दुसरे, राखीव मॅगझिन होय. आणि झाकणपट्टीवर १२ ठोकून घेण्याचा मोह कृपया टाळावा.

प्रश्न : माउझर सी-९६ पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर लाल ९ कोरलेला आहे. ते लष्करी मानता येईल का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. १९१६ साली जर्मन लष्कराने दीड लाख सी-९६ ९ मिमी काडतुसासाठी मागवली, नेहमीच्या ७.६३ मिमीच्या पिस्तुलाशी गल्लत होऊ नये म्हणून मुठीवर ९ कोरून त्यात लाल रंग भरण्यात आला. मात्र मुठीच्या दोन्ही फळ्या एकाच स्क्रूने बसतात, त्यामुळे त्या बदलायला काहीच वेळ लागत नाही. आधी नळीचा आतला व्यास मोजावा. मग मागच्या दर्शिकेवरचे (नेम धरण्याच्या पट्टीवरचे) अंतराचे आकडे पाहावेत : या खेपेतील दर्शिका ५०० मीटरवर संपते, व्यापारी नमुन्यांवर ती बहुधा १००० पर्यंत जाते. शेवटी मॅगझिनच्या कप्प्याच्या पुढल्या बाजूला लष्करी स्वीकृतीचा गरुड शोधावा. व्यास, दर्शिका आणि गरुड जुळत असतील, तर मुठीवरचा लाल रंग उडालेला असला तरी हरकत नाही.