नोकरी देणारा घाई करत नाही

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मुलाखतीच्या तयारीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत मुलाखतीबद्दल फारसं कोणी विचारलेलं नाही. बहुतेकांनी विचारलंय की समोरची नोकरी खरी की खोटी हे ओळखायचं कसं. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. पहिल्या पत्राला मी टपालाची वाट न पाहता फोनवर उत्तर दिलं, पण तशीच धमकी आणखी कोणाला आली असेल तर त्यांच्यासाठी इथेही सविस्तर देते.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम. आहे. बाळ लहान आहे म्हणून घरबसल्या कामाची जाहिरात पाहून फोन केला. पाच दिवसांत सहाशे फॉर्म भरायचे, ९० टक्के अचूक असतील तर अठरा हजार रुपये. आधार, पॅन, फोटो पाठवला, त्यांच्या करारावर मोबाइलवरच सही केली. बाळाला झोपवून रात्र-रात्र बसून फॉर्म पूर्ण केले. आता म्हणतात अचूकता ८२ टक्केच भरली, करार मोडलात, सात हजार दोनशे भरा. भरले नाहीत तर व्हॉट्सॲपवर कोर्टाची नोटीस आली. संध्याकाळी पाचच्या आत पैसे आले नाहीत तर पोलीस घरी येतील म्हणतात. सासरी कोणालाच माहीत नाही. – एक वाचक, बार्शी

उत्तर : एक रुपयाही भरू नकोस. तुला अटक होणार नाही.

तू पाठवलेली नोटीस मी मोठी करून पाहिली. वर अशोकस्तंभ, त्याच्या शेजारी तराजू, खाली पोलिसांचा गोल शिक्का आणि त्याच्याही खाली वकिलाची सही. न्यायालय, पोलीस आणि वकील अशा तिघांनी मिळून काढलेली नोटीस असा प्रकारच कुठे नसतो. वकिलाची नोटीस असेल तर ती वकिलाच्या लेटरहेडवर येते, त्यावर कार्यालयाचा पत्ता असतो, आणि त्याचा सनद क्रमांक मागितला तर तो देता येतो. कोर्टात खरंच दावा दाखल झाला असेल तर त्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो, आणि तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की दाव्याची माहिती घरबसल्या दिसते. तुझ्या कागदावर ‘केस नं. ४५२’ एवढंच आहे. आणि पैसे कुठे भरायचे, तर कोणाच्या तरी खासगी यूपीआयवर. कोर्टाचे पैसे असे भरले जात नाहीत.

आता कराराचं. तू सही केलीस म्हणून अडकलीस असं तुला वाटतंय, आणि त्यांची सगळी भिस्त त्याच वाटण्यावर आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे फसवून घेतलेल्या संमतीवर केलेला करार फसवला गेलेला माणूस रद्द ठरवू शकतो. ७४व्या कलमाप्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, आणि ती ठरवायची कोर्टानं, फोनवरच्या माणसानं नाही. मुळात काम कमी अचूक झालं हा दिवाणी वाद. त्यासाठी पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत. गुन्हा घडला आहे हे खरं, पण तो त्यांच्याकडून. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे आणि भीती घालून पैसे उकळण्याला ३०८.

मला या प्रकाराचा फार संताप येतो, कारण यात माणसाकडून खरोखर काम करून घेतात. तू भरलेले फॉर्म कोणाला नको होते. त्यांचा धंदा फॉर्मचा नाहीच, दंडाचा आहे. म्हणून अचूकता कधीच ९० भरत नाही, ८०-८५च्या आसपास येऊन थांबते. आपलंच थोडं चुकलं असेल असं वाटावं, इतपतच ती कमी असते. तुझं काम चांगलं झालं असणार, हे मनाशी पक्कं धर.

आता करायचं काय. चॅट, करार, नोटीस, ज्या नंबरांवरून फोन आले ते नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव, काही पुसू नकोस. मग नंबर ब्लॉक कर. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार नोंदव आणि तिचा पोचक्रमांक लिहून ठेव. आधार-पॅन त्यांच्याकडे गेलंय, म्हणून संचार साथी पोर्टलवर तुझ्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघ. अनोळखी दिसलं तर तिथेच कळवता येतं. आधारचं बायोमेट्रिक लॉक कर. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढ, म्हणजे तुझ्या नावावर कोणी कर्ज उचललं तर कळेल. वकील लागलाच तर १५१०० वर फोन कर. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असलं तरी.

आणि घरी सांग. सगळ्यांना नको, नवऱ्याला किंवा नणंदेला, ज्याच्याशी जास्त मोकळेपणानं बोलतेस त्याला. ‘घरी कळेल’ ही धमकी घरी कळल्यावर उरत नाही.

प्रश्न : नवी मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफची नोकरी लागली आहे. मुलाखत व्हॉट्सॲप चॅटवर झाली, अर्ध्या तासात खऱ्या कंपनीच्या नावाचं ऑफर लेटर आलं. युनिफॉर्म आणि गेट पाससाठी २,३५० रुपये भरले, ते पहिल्या पगारात परत मिळणार आहेत. आता मेडिकलचे ४,८०० मागतात. भरू का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : नको. आणि हे वाचून झालं की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. पैसे गेल्यापासून जितक्या लवकर तक्रार होईल तितकी ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेव, तिथे तोच आधी विचारतात.

विमानतळाचा पास पैसे भरून मिळत नाही. तो नागरी उड्डाण सुरक्षा ब्यूरोच्या नियमांनुसार मिळतो, त्याआधी पोलीस पडताळणी होते, आणि अर्ज कंपनी करते, उमेदवार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये या विमानतळाचं उद्घाटन झालं. रायगड आणि ठाण्यातल्या किती मुलांचं लक्ष तिथल्या नोकऱ्यांकडे लागलंय हे फसवणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

मी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात बरीच वर्षं भरतीचं काम पाहिलं. एक माणूस घ्यायचा तर आधी त्या खात्याचा प्रमुख मागणी लिहून द्यायचा, ती मंजूर व्हायला आठवडे लागायचे. मग अर्ज चाळायचे, दोन-तीन जणांनी मुलाखत घ्यायची, आधीच्या कंपनीत फोन करायचा, कारखान्याच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची. तिचं बिल कंपनी भरायची. रुजू व्हायच्या दिवशी प्रॉव्हिडंट फंडाचा अकरा नंबरचा फॉर्म, वारसाचं नाव, रद्द केलेला चेक. कंपनीला माणूस घेण्यात पैसा खर्च करावा लागतो, आणि चुकीचा माणूस आला तर नुकसान तिचंच, म्हणून ती चिकित्सा करते आणि नाकारतेही. तुला कोणी काही विचारलंच नाही. ना दहावीचे मार्क, ना पाळ्या चालतील का, ना कुठून ये-जा करणार. तू कोण आहेस याच्याशी ज्याला देणंघेणं नाही, त्याला तुझ्याकडून काम नको आहे.

ऑफर लेटरवर खऱ्या कंपनीचं नाव आहे म्हणतोस. नाव कोणीही छापतं. कंपनी कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते सापडलं म्हणून पत्र खरं ठरत नाही. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिचा फोन नंबर घे, पत्रावरचा नको, आणि त्यावर विचार.

प्रश्न : मुलगा बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे. टेलिग्रामवरच्या एजंटनं बँकॉकमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी दिली आहे, महिना ऐंशी हजार. दीड लाख मागतो आहे. टुरिस्ट म्हणून जायचं, वर्क परमिट तिथे गेल्यावर काढून देऊ म्हणतो. दोन एकर गहाण टाकायचा विचार आहे. आपला सल्ला हवा. – एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : दादा, जमीन गहाण टाकू नका आणि मुलाला पाठवू नका. पैसे बुडतील ही भीती आहेच, पण इथे मुलगाच अडकण्याची भीती मोठी आहे.

थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग’च्या खोट्या नोकऱ्यांबद्दल परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता. बँकॉकच्या विमानतळावरून मुलांना गाडीनं माए सोत या सीमेवरच्या गावी नेतात, तिथून मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात. तिथे उंच भिंतींची आवारं आहेत, दारावर बंदूकवाले आहेत. आत गेल्यावर पासपोर्ट काढून घेतात आणि कामाला बसवतात, ते काम म्हणजे दुसऱ्या लोकांना ऑनलाइन फसवणं. या अंकातली बाकीची पत्रं वाचा. तसे मेसेज पाठवणाऱ्यांतली काही मुलं अशीच नोकरीच्या आशेनं गेलेली असतात. नकार दिला तर मारहाण होते, सुटकेसाठी घरच्यांकडे पैसे मागतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून आपल्या सरकारनं पाचशेहून अधिक भारतीयांना माए सोतहून परत आणलं. कंबोडिया आणि लाओसमध्येही अशी केंद्रं आहेत.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर आहे. तुमच्या एजंटचं नाव आणि परवाना क्रमांक त्यात शोधा. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही आणि त्याची पावती द्यावी लागते. दीड लाख मागितले तिथेच त्यानं स्वतःची ओळख दिली. एजंटला सरळ सांग, असं मुलाला सांगा : नोकरीचा व्हिसा आधी हातात, मग तिकीट.

आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर असू द्या. दहावी पास मुलाच्या पासपोर्टला परदेशी नोकरीसाठी उत्प्रवास परवानगी लागत नाही. अरबस्तानात बांधकामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराचे कागद सरकारी कार्यालयात एकदा तरी तपासले जातात, तुमच्या पदवीधर मुलाचे कोणी तपासणार नाही. त्यामुळे ती तपासणी घरातच करावी लागते. मुलगा रागावेल, संधी घालवली म्हणेल. त्याला बोलू द्या, पण पासपोर्ट आणि सातबारा घरातच राहू द्या.

प्रश्न : कॉलेज करता करता ‘पेमेंट प्रोसेसिंग’चं पार्टटाइम काम मिळालं. माझ्या खात्यात पैसे येणार, दोन टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवायचे. तीन आठवडे केलं. आता खातं गोठवलंय, बँक म्हणते दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. घरी सांगितलेलं नाही. – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तुझ्या खात्यातून गेलेले पैसे कोणाचे तरी फसवून घेतलेले आहेत. बार्शीच्या त्या बाईनं घाबरून सात हजार भरले असते, तर ते तुझ्यासारख्याच कोणाच्या तरी खात्यात आले असते. तुला हे माहीत नव्हतं असं मी मानते, पण पोलिसांना ते कागदांनी पटवावं लागेल, आणि गप्प बसलास तर पटणार नाही.

आज आई-वडिलांना सांग. उद्या त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन कुठल्या पोलीस ठाण्याचं पत्र आहे, तक्रार क्रमांक काय आणि किती रकमेबद्दल तक्रार आहे, हे लेखी माग. खात्याचं स्टेटमेंट काढ. ज्यानं काम दिलं त्याचे मेसेज, ग्रुपचं नाव, पैसे पुढे कुणाकुणाला पाठवले ते सगळं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लाव. एटीएम कार्ड, चेकबुक किंवा सिम त्यांना दिलं असशील तर बँकेला आणि मोबाइल कंपनीला लगेच कळवून बंद कर. मग वकिलाला दाखवून त्या पोलीस ठाण्याला लेखी उत्तर पाठव. फोनवर ‘खातं सोडवून देतो’ म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नकोस, खातं गोठलेल्या मुलांना असेही फोन येतात. तू ठेवलेले दोन टक्के खर्च केले असशील तर तेवढी रक्कम बाजूला काढून ठेव, ती परत करावी लागू शकते.