कॅसिनोच्या यंत्रांची राखण: हे करिअर होऊ शकतं का?

प्रश्न: माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅसिनोतल्या स्लॉट मशीनना टोळ्या कशा गंडवतात, हे वाचायचं त्याला वेड लागलंय आणि ही फसवणूक रोखण्याचंच काम करायचं म्हणतो. असं काम खरंच असतं का? जुगाराच्या धंद्यात मुलानं जावं हे आम्हाला पटत नाही. त्यातच मध्यंतरी एका ऑनलाइन गेममधली चूक शोधून त्यानं फुकटची नाणी मिळवली आणि मित्रांत मिरवलं. याची काळजी करावी का? – एक आई

उत्तर: काम असतं. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या, ती तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळा, सरकारी नियामक आणि खुद्द कॅसिनो, सगळीकडे माणसं लागतात. पण मुलाला गोडी नेमकी कशाची आहे, हे आधी बघा. या विषयात चोरांच्या गोष्टी फार रंगतदार असतात आणि राखणदाराचं काम बरंचसं रटाळ.

नाण्यांची यंत्रं होती तेव्हा किती नाणी बाहेर पडली हे आतला प्रकाशावर चालणारा सेन्सर मोजायचा. अमेरिकेतल्या टॉमी कारमायकेलनं बारीक दिवा लावलेली तार आत सरकवून तो सेन्सर दिपवला. मोजणी बंद पडली, नाणी पडत राहिली. ही झाली हातचलाखी. 2014 मध्ये सेंट लुइसच्या एका कॅसिनोत जे उघडकीला आलं त्याची जातच वेगळी. काही जुनी यंत्रं घेतल्यापेक्षा जास्त पैसे देताना हिशेबात दिसली, तेही मोठा जॅकपॉट लागलेला नसताना. कॅमेऱ्याचं चित्रीकरण काढलं, तर एक माणूस फोन पडद्याजवळ धरून खेळतोय, मध्येच बटणावर बोट ठेवून थांबतोय आणि एकदम दाबतोय.

डावाचा निकाल ठरवणारे यंत्रातले ‘रँडम’ (कसेही आल्यासारखे वाटणारे) आकडे खरे तर गणितातून येतात: एका सुरुवातीच्या संख्येपासून पुढची, तिच्यापासून त्यापुढची. सूत्र कळलं आणि गाडी आत्ता कुठवर आली आहे हे कळलं, की पुढचं सांगता येतं. टोळीचा माणूस काही डाव चित्रित करून रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला पाठवायचा. तिथून वेळा मोजून यायच्या आणि बटण दाबायच्या सुमारे पाव सेकंद आधी त्याचा फोन थरथरायचा. रशियानं 2009 मध्ये देशाच्या बहुतेक भागांत जुगार बंद केल्यावर तिथली यंत्रं विकायला निघाली होती. अशी यंत्रं घरी आणून सावकाश उघडून बघता येतात, हे लक्षात घेतलं की टोळीला सूत्र कसं उलगडलं असेल याचं फारसं नवल वाटत नाही.

मुलाला माझा प्रश्न विचारा: यात चोरी पकडली कुणी? तो ‘हॅकर’ म्हणाला तर अजून वाचायला हवं. आधी खटकला तो हिशेब. प्रत्येक यंत्रानं दीर्घ काळात किती टक्के रक्कम राखायची हे ठरलेलं असतं. रोजचा आकडा त्याच्याभोवती हेलकावे खाणारच, पण कोणता हेलकावा नैसर्गिक आणि कोणता संशयास्पद हे सांगायला संख्याशास्त्र पक्कं लागतं. इंजिनिअरिंगची मुलं नेमका हाच विषय पास होण्यापुरता करतात.

दुसरी गोष्ट रॉन हॅरिसची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. हा अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाचा, म्हणजे सरकारी नियामकाचाच माणूस. यंत्रांच्या चिप खऱ्या आहेत का हे तपासण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं तपासणीच्या उपकरणातच असा प्रोग्रॅम घुसवला, की तपासलेल्या यंत्रात ठरावीक क्रमानं नाणी टाकली की पैसे बाहेर. 1995 मध्ये अटलांटिक सिटीत त्याच्या साथीदारानं किनो या आकडे ओळखण्याच्या खेळात 1,00,000 डॉलर जिंकले, तेव्हा बिंग फुटलं. म्हणून आज या क्षेत्रात यंत्राचं दार कुणी, कधी, कुणासमोर उघडलं याची नोंद ठेवणं, सॉफ्टवेअर कुणी बदललेलं नाही हे दाखवणारी त्याची डिजिटल सही जुळवणं आणि एकाच माणसाच्या हाती सगळ्या किल्ल्या न देणं यात खूप वेळ जातो. कागदपत्रांचा कंटाळा असेल तर त्यानं इकडे फिरकू नये.

अभ्यासाचं म्हणाल तर कॉलेज बदलायची गरज नाही. सी भाषा, एम्बेडेड सिस्टिम, क्रिप्टोग्राफी आणि वर म्हटलेलं संख्याशास्त्र यांवर जोर द्यावा. एखादा साधा मायक्रोकंट्रोलर (छोटी संगणक-चिप) घेऊन त्यावर स्वतःचा रँडम नंबर जनरेटर लिहावा आणि मग स्वतःच तो फोडायला बसावं. आकडे सगळ्या सांख्यिकी चाचण्या पास होतात आणि तरीही पुढचा आकडा ओळखता येतो, हे एकदा हातानं अनुभवलं की निम्मा विषय समजला. गेमिंग लॅबोरेटरीज इंटरनॅशनल या तपासणी संस्थेचं ‘जीएलआय-11’ हे यंत्रांसाठीचं मानक कुणालाही वाचता येतं, तेही वाचावं. कोरडं आहे. ते वाचूनही त्याचा उत्साह टिकला तर मी तुमच्या मुलाच्या बाजूनं आहे.

तुमच्या न पटण्याबद्दल: मी तुम्हाला पटवायला बसणार नाही. ज्या धंद्याच्या कमाईत लोकांची हार असते, त्याची राखण आपल्या मुलानं करावी का, हा प्रश्न खरा आहे. मात्र यंत्र खेळणाऱ्याला लुबाडत नाही ना, हेही प्रयोगशाळा आणि नियामक तपासतात. शिवाय हेच कौशल्य एटीएम, पेमेंटची यंत्रं आणि विजेचे मीटर अशा ठिकाणीही चालतं. पहिली नोकरी तिथली धरावी, असं माझं मत. कॅसिनोचं दार पुढेही उघडं राहील. तिथल्या निगराणी कक्षातल्या रात्रपाळ्या मात्र आधी विचारून घ्याव्यात.

आता फुकटच्या नाण्यांचं. जॉन केन नावाच्या माणसाला ‘गेम किंग’ या व्हिडिओ पोकर यंत्रात चूक सापडली होती: डावाची किंमत बदलली की आधीची जीत मोठ्या दरानं पुन्हा मिळायची. त्यानं फक्त समोरची बटणं दाबली होती. अमेरिकेच्या सरकारनं त्याच्यावर खटला भरला आणि 2013 मध्ये मागे घेतला. तो सुटला, पण असा इतिहास असलेल्याला या क्षेत्रात कामाचा परवाना मिळणं अवघड. इथे नोकरीआधी अनेक ठिकाणी पार्श्वभूमी तपासतात. गुन्हे, कर्ज, आर्थिक व्यवहार, सगळं. तुमच्या मुलानं केलं ते त्या मानानं किरकोळ आहे आणि चूक सापडली यात हुशारीच दिसते. त्यानं कंपनीला चूक कळवावी, नाणी परत घ्या म्हणावं आणि तो पत्रव्यवहार जपून ठेवावा. मुलाखतीत विषय निघाला तर आधी नाणी घेतली होती, हेही सांगावं.